एक दिवस एफ्टेलिंग, तीन रात्री पॅरिस आणि आजींची वही

शुक्रवार, निघायच्या आदल्या रात्री

शरद सुट्टीत कुठे जायचं, हा वाद आमच्या घरात ऑगस्टपासून चालला होता. थोरली नऊ वर्षांची. तिला किल्ला हवा होता, पॅरिसच्या डिस्नीलँडमधला गुलाबी. धाकटा सहाचा, त्याला गाढव हवं होतं. एफ्टेलिंग या डच थीम पार्कमध्ये परीकथांचं रान आहे, तिथल्या गाढवाजवळ नाणं टाकलं की त्याच्या मागून सोनेरी नाणं पडतं. वर्गातल्या एका मित्राने ते नाणं खिशातून काढून दाखवलं आणि तेव्हापासून आमच्याकडे दुसरा विषय नाही. त्यात सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या. त्यांना न्यायचं तर गुडघ्यांना सोसेल असं हवं.

आम्ही नेदरलँड्समध्ये आइंडहोवनला राहतो. इथून एफ्टेलिंग साधारण पन्नास किलोमीटर. पॅरिसचं डिस्नीलँड सव्वाचारशेच्या आसपास, मधे अख्खा बेल्जियम. पण सीमेवर कोणी अडवत नाही, चलन युरोच, आणि सासूबाईंचा शेंगेन व्हिसा फ्रान्सलाही चालतो. त्यामुळे "जवळचं ते स्वस्त, परदेशातलं ते महाग" हे इथे गृहीत धरता येत नाही. मी मात्र ते धरलंच होतं. एफ्टेलिंगच्या आवारातच दोन रात्री राहायचं, आम्हा पाच जणांची तिकिटं धरून, असा हिशेब काढला तर साडेनऊशे युरो झाले. त्याच संध्याकाळी पॅरिसचा काढला. पार्कच्या बाहेर, स्वयंपाकघर असलेल्या साध्या अपार्टमेंट-हॉटेलात तीन रात्री, पर्यटक कर आणि डिस्नीलँडची एका दिवसाची तिकिटं: 995. पेट्रोल आणि जेवणखाण वेगळं. दोन्ही आकडे शेजारी लिहिले आणि मी गप्पच बसले. पन्नास किलोमीटर आणि सव्वाचारशे किलोमीटर यांच्यात फरक पंचेचाळीस युरोंचा!

याचं कारण कॅलेंडरात आहे. नेदरलँड्समध्ये पाच वर्षांपासून शाळा सक्तीची. सुट्टी सोडून मुलांना सहलीला नेलं तर पालकांना दंड होतो, आणि तो खरोखर वसूल केला जातो. गर्दी विभागली जावी म्हणून देशाचे उत्तर, मध्य, दक्षिण असे तीन भाग केलेत आणि काही सुट्ट्या मागेपुढे ठेवल्यात. तरी शाळकरी मुलं असलेल्या प्रत्येक घराला त्याच मोजक्या आठवड्यांत बाहेर पडावं लागतं, आणि खोल्यांचे दर नेमके तेव्हाच चढतात. पार्कची तिकिटंही आता दोन्हीकडे तारखेवर ठरतात. शाळेतल्या मंगळवारचं तिकीट वेगळं, सुट्टीतल्या मंगळवारचं वेगळं.

नवरा म्हणाला, "पन्नास किलोमीटरवर मुक्काम कशाला? रात्री घरी येऊन झोपू की." इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती, कारण मी जे जे पाहत होते त्यात खोली आणि तिकीट एकत्रच बांधलेलं होतं. मग ठरलं. शनिवारी एफ्टेलिंग, झोपायला घरी. सोमवारपासून पॅरिस. वर्षाची मोठी सहल हीच. सासूबाईंनी पिशवीतून आपली हिशेबाची वही काढली, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. चाळीस वर्षं घरखर्च लिहिलेला हात आहे. म्हणाल्या, "मी लिहिते. तुम्ही दोघं विसरता."

पहिला दिवस, शनिवार: एफ्टेलिंग

तिलबुर्गवरून गेलो, चाळीस-पंचेचाळीस मिनिटांत पोचलो. डबा बरोबर होता: पोळ्या, बटाट्याची भाजी, दोन थर्मास चहा. एफ्टेलिंगमध्ये घरचं खाणं नेता येतं आणि बसायला बाकंही आहेत. पाच जणांच्या खर्चात याने किती फरक पडतो ते पॅरिसला गेल्यावर कळलं.

प्रवेशद्वार म्हणजे पाच टोकांचं गवताने शाकारलेलं प्रचंड छप्पर. सासूबाई तिथेच थबकल्या. "अगं, हे गवतच आहे ना?" गवतच. 1952 साली हा पार्क सुरू झाला तो परीकथांच्या रानापासून, आणि त्या रानाची चित्रं काढली आन्तोन पीक या चित्रकाराने. वाकडीतिकडी कौलं, शेवाळलेल्या भिंती, तिरपी दारं, सगळं त्याच्या हातचं. पार्क आजही एका प्रतिष्ठानाच्या मालकीचा आहे. ठिकाण मूळचं निसर्ग-उद्यानाचं, त्यामुळे झाडं खरी आहेत, मोठी आहेत आणि रांगेत उभं राहिलं तरी सावली मिळते. ऑक्टोबरात तर बीचची पानं पायाखाली करकरत होती.

धाकट्याला आधी गाढवाकडे जायचं होतं. वाटेत तो अडकला तो होले बोले खाइस नावाच्या जाडजूड बाप्यापाशी. तोंड उघडं, आणि तो सारखा ओरडतोय, "पापियर हियर!", म्हणजे कागद इकडे. तोंडाशी कागद धरला की आत सुर्रकन ओढला जातो आणि तो "आभारी आहे" म्हणतो. ही कचरापेटी आहे. धाकट्याने आमच्या डब्याभोवतीचा रुमाल-कागद दिला, मग खिशातलं जुनं तिकीट, मग वाटेवर पडलेलं चॉकलेटचं वेष्टन, मग दुसऱ्यांच्या बाकाखालचं. वीस मिनिटं त्याने पार्क झाडला. त्याला रांग नाही, वेगळं तिकीट नाही. त्या दिवशी दुसऱ्या कशावर तो इतका खूश झालेला मी पाहिला नाही.

मग गाढव. नाणं टाकलं. गाढव जरा हललं आणि खाली ठण्णकन सोनेरी नाणं पडलं. त्याने ते दोन्ही हातांनी उचललं, वास घेतला आणि मोज्यात ठेवलं. खिशाला भोक असतं म्हणाला.

सासूबाईंसाठी मी मनात एक जागा ठरवून ठेवली होती. तिचं नाव आहे "इंडिश्श वाटरलेलीस", भारतीय कमळं. 1966 सालची आहे. अंधाऱ्या गुहेत तळं, चंद्राच्या नादाने नाचणाऱ्या ताऱ्यांच्या पऱ्या आणि त्यांना शाप देऊन कमळं करणारी चेटकीण. गोष्ट बेल्जियमच्या राणी फाबिओलाची, तिने लग्नाच्या आधी लिहिलेली. कमळं उघडली, आत पऱ्या गिरक्या घेऊ लागल्या, बेडूक वाजवू लागले. गोष्ट डचमध्ये होती, सासूबाईंना एक शब्द कळला नाही. तरी त्या कठड्याला धरून दोनदा पाहून आल्या. बाहेर आल्यावर धाकट्याला गोष्ट सांगितली ती मात्र त्यांची स्वतःची, त्यात चेटकिणीऐवजी कोणी सवत होती.

थोरलीला हवा होता "बॅरन 1898". कोळशाच्या खाणीचं रूप दिलेला कोस्टर. वर नेऊन क्षणभर लटकवतो आणि मग साडेसदतीस मीटरवरून सरळ खाणीच्या तोंडात सोडतो. उंची 132 सेंटिमीटर लागते. दारातल्या मापाच्या दांडीखाली ती उभी राहिली तेव्हा तिने श्वास रोखला होता, जणू श्वास सोडला तर उंची कमी होईल. 134. बाप-लेक चाळीस मिनिटं रांगेत होते. परत आली ती थरथरत आणि हसत. तोवर आम्ही तिघं वाफेच्या गाडीतून पार्काला एक फेरी मारून आलो होतो. नंतर सगळे मिळून गोंडोलेटाच्या होडीत. संथ पाणी, पाय लांब करून बसायचं, वीसेक मिनिटं. सासूबाईंचे गुडघे तिथे सुखावले.

दुपारी साडेचारला धाकटा फुटला. अमुक हवं असं काही नव्हतं, नुसता दमला होता. बूट नको, टोपी नको, कोणी बोलायला नको. पार्क सहापर्यंत उघडा होता. "ड्रीमफ्लाइट" म्हणजे पऱ्यांच्या राज्यातून तरंगत नेणारी राइड राहिली होती, थोरलीचं तोंड पडलं. नवऱ्याने तिला एवढंच सांगितलं, "पन्नास किलोमीटर आहे. परत येऊ." आणि आम्ही निघालो. साडेपाचला घरी होतो, सहाला वरणभात, सातला दोन्ही मुलं झोपलेली.

रात्री वहीत उतरलं: तिकिटं 230 (चार वर्षांपुढच्या सगळ्यांना सारखंच तिकीट), पार्किंग 15, पेट्रोल 12, तळलेले बटाटे आणि कॉफी 28, गाढव आणि थोरलीने घेतलेलं एक पुस्तक 15. एकूण 300. सासूबाईंनी युरोला शंभर रुपये धरून शेजारी तीस हजार लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. काही बोलल्या नाहीत.

दुसरा दिवस, रविवार

धुणं, बांधाबांध. मेथीचे ठेपले, चटणी, मॅगीची पाकिटं, लहान कुकर. अपार्टमेंटला दोन शेगड्या आहेत हे मी तीनदा तपासून घेतलं होतं. तीन रात्री पाच जणांनी बाहेर जेवायचं म्हटलं तर तो आकडा तिकिटांच्या बरोबरीला जातो.

तिसरा दिवस, सोमवार: रस्ता

सकाळी सातला निघालो तरी अँटवर्पच्या रिंगरोडने तासभर खाल्ला. पुढे गेंट, कोर्त्रेक, आणि मग एका पुलानंतर अचानक पाट्या फ्रेंच. लीलनंतर मोकळी, ओसाड वाटणारी शेतं. पहिल्या महायुद्धातल्या सोमच्या लढाईचा हा मुलूख; कडेला तपकिरी पाट्या येत राहिल्या आणि नवरा थोरलीला ते सांगत राहिला.

नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आमच्या वाटेवरचा हमरस्ता मोटारींना फुकट. फ्रान्समध्ये टोल. सांलिसजवळच्या नाक्यावर कार्ड लावलं आणि सासूबाईंनी पावती मागून घेतली. त्यांचा प्रश्न रास्त होता, "हा परतताना पण द्यायचा का?" हो, आई. विमानतळ डावीकडे टाकून पॅरिसला पूर्वेकडून वळसा घातला आणि तीनच्या सुमाराला मार्न-ला-व्हॅलेला, म्हणजे डिस्नीलँड आहे त्या उपनगरात, पोचलो. मधे दोन थांबे धरून आठ तास. गाडीतले ते आठ तास वहीत कुठे लिहायचे, असा प्रश्न मला तेव्हा पडला.

हॉटेलच्या काउंटरवर पर्यटक कर वेगळा घेतला. तो माणशी, रात्रीमागे असतो. अठरा वर्षांखालच्यांना माफ. संध्याकाळी जवळच्या मोठ्या दुकानातून दूध, अंडी, तांदूळ, केळी, भाज्या आणल्या. खिचडी केली. परदेशातली पहिली रात्र कुकरच्या शिट्टीने सुरू झाली आणि मला त्याचं फार बरं वाटलं.

चौथा दिवस, मंगळवार: डिस्नीलँड

आमच्या मुक्कामापासून डिस्नीलँडचं स्टेशन उपनगरी रेल्वेने एकच थांबा. 2025 पासून पॅरिस परिसरात मेट्रो आणि उपनगरी रेल्वेला एकच सरसकट भाडं केलंय, त्या वर्षी अडीच युरो. म्हणजे एक थांबा जा की पॅरिसच्या पार पलीकडे जा, पैसे तेच. विमानतळ तेवढे वगळलेले. डिस्नीला जाणाऱ्या पॅरिसकरांचं भाडं यामुळे निम्म्यावर आलं. आम्हा एका थांब्यावाल्यांना जरा जास्त वाटलं, तरी गाडी तिथे लावण्यापेक्षा स्वस्तच.

डिस्नीलँड पॅरिस 12 एप्रिल 1992 ला उघडलं, तेव्हा नाव युरो डिस्ने होतं. इथे दोन पार्क आहेत, दुसरा 2002 चा. आम्ही एकाच पार्कची तिकिटं काढली होती आणि तो निर्णय बरोबर ठरला. पाच जणांचे 510 युरो, बारा वर्षांखालच्यांना थोडीच सूट. दोन्ही पार्क एका दिवसात करायचे तर सहा वर्षांच्या मुलाला पळवावं लागतं.

किल्ला समोर आला तेव्हा थोरलीने माझा हात सोडला. मी तिला कधी असं गप्प पाहिलं नव्हतं. आकाश राखाडी होतं, त्यामुळे गुलाबी रंग आणखी उठून दिसत होता. किल्ल्याच्या पोटात तळघर आहे. ओल, अंधार, पाण्याचे थेंब. आणि तिथे साखळ्यांनी बांधलेला ड्रॅगन झोपलेला असतो. आम्ही गेलो तेव्हा नुसता श्वास चालू होता, बरगड्या वरखाली होत होत्या. थोरली कठड्याला ओठंगून उभी. मग त्याने एक डोळा उघडला, मान उचलली, साखळी खळकली, नाकपुड्यांतून धूर आला आणि गुरगुरणं थेट छातीत ऐकू आलं. ती मागे सरकली नाही. "आई, त्याला दुखतंय," म्हणाली. धाकटा तोवर बापाच्या जॅकेटच्या आत होता. ते तळघर सगळ्यांना खुलं, रांगही नाही, आणि इतक्या लांब आल्याचं सार्थक झालं असं मला त्या दिवशी पहिल्यांदा तिथे वाटलं.

बाकी रांगा. पीटर पॅनला सत्तर मिनिटं, राइड जेमतेम तीन मिनिटांची. फ्रान्सच्या शाळांना याच काळात दोन आठवड्यांची सुट्टी असते, बेल्जियमची मुलंही आलेली, त्यामुळे हे होणारच होतं. पैसे भरून रांग टाळायची सोय आहे, पण ती माणशी आणि राइडमागे. पाच जणांचे, चार राइडचे, म्हणून मी गुणाकार केला आणि फोन खिशात ठेवला. थोरलीने एकदाच विचारलं, परत विचारलं नाही. तिच्या त्या न विचारण्याने मला जास्त त्रास झाला.

बिग थंडर माउंटन मात्र सगळ्यांत भारी. इथे तो डोंगर तळ्यातल्या बेटावर आहे आणि गाडी पाण्याखालच्या बोगद्यातून बेटावर जाते. उंचीची अट 102 सेंटिमीटर, म्हणजे धाकटाही पात्र. त्याचा तो आयुष्यातला पहिला खरा कोस्टर. उतरल्यावर काही मिनिटं बोललाच नाही, आणि मग सबंध दुपारभर तेवढंच बोलला.

दीडला पाऊस लागला. युरोपचं हवामान ध्यानात घेऊन इथे मुख्य रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, दुकानांच्या मागून, छप्पर असलेल्या लांब गल्ल्या काढल्यात. त्यामुळे किल्ल्यासमोरच्या चौकापर्यंत न भिजता जाता येतं. सासूबाईंना तिथल्या एका बाकावर बसवलं. थोडा खाऊ आत नेता येतो, पण मोठी शीतपेटी नाही, आणि सहलीसारखं पसरून जेवायची जागा फाटकाबाहेर. पावसात पाच जणांनी बाहेर जाऊन परत यायचं म्हणजे तास गेला. मग आतच जेवलो: 84 युरो. दोन बर्गर, मुलांची दोन ताटं, सासूबाईंना सूप आणि पाव. त्यांनी वहीत 84 लिहिलं, शेजारी 8,400 लिहिलं, आणि पावाचा उरलेला तुकडा रुमालात बांधून घेतला.

साडेचार वाजले. मला वेळ नेमकी आठवते, कारण धाकटा शनिवारी ज्या वेळी फुटला होता त्याच वेळी इथेही फुटला. तोच चेहरा, बूट नको, टोपी नको. पण इथून आम्ही निघालो नाही. पाचशे दहा युरो भरले होते, आठ तास गाडी चालवली होती, आणि रात्रीचा किल्ल्यावरचा प्रकाशाचा खेळ राहिला होता, ज्यासाठी थोरली महिनाभर बोटं मोजत होती. मी त्याला कडेवर घेतलं, गरम चॉकलेट दिलं, खेळण्याच्या दुकानात फिरवलं, मिकीचे कान घेतले. दोघांचे कान, म्हणजे चाळीसेक युरो, खरं तर त्या दमण्याचेच पैसे. एकेक तास ढकलत आम्ही रात्रीपर्यंत पोचलो.

दिवे मालवले, किल्ल्यावर रंग धावू लागले, आकाशात रोषणाई झाली. थोरलीचे ओले डोळे त्या उजेडात चमकत होते. ते मी विसरणार नाही. धाकटा बापाच्या खांद्यावर झोपला होता, एवढ्या आवाजातही. सासूबाई एका पायावर भार देऊन उभ्या होत्या आणि मी विचारलं की "ठीक आहे गं" म्हणत होत्या. पेट्रोल आणि टोल वहीत मांडता येतो, पण दूर जाण्याची खरी किंमत मला त्या क्षणी कळली. साडेचारला घरी जायची मोकळीक आम्ही सोमवारी सकाळीच खर्च करून टाकली होती.

तेरा तासांत सात राइड झाल्या. शनिवारी सात तासांत नऊ झाल्या होत्या.

पाचवा दिवस, बुधवार: पॅरिस

उशिरा उठलो. पोहे केले. दुसऱ्या दिवसाची डिस्नीची तिकिटं घ्यायची का, यावर नवरा आणि मी आदल्या रात्री पंधरा मिनिटं बोललो होतो आणि नको ठरवलं होतं. त्याऐवजी त्याच सरसकट भाड्यात शहरात गेलो. शातलेला गाडी बदलून लक्झेंबर्ग बागेत.

तिथल्या अष्टकोनी तळ्यात लाकडी शिडाच्या होड्या भाड्याने देतात, बरोबर लांब काठी. होडी वाऱ्याने जाते, काठावर आली की काठीने ढकलायची. अर्धा तास म्हणून घेतली. धाकटा पळत तळ्याच्या पलीकडे, परत अलीकडे. थोरली वाऱ्याचा अंदाज घेऊन आधीच जाऊन थांबायची. सासूबाई लोखंडी हिरव्या खुर्चीवर उन्हात. मी आणि नवऱ्याने आठवड्यात पहिल्यांदा एकमेकांशी घड्याळाखेरीज काही बोललो.

नंतर चालत नोत्र दामला. 2019 च्या आगीनंतर डिसेंबर 2024 मध्ये ते पुन्हा उघडलं. आत जायला पैसे नाहीत. धुऊन काढलेला दगड इतका उजळ आहे की पायरीवरच डोळे दिपतात. सासूबाई शेवटच्या ओळीत बसल्या, हात जोडले, कितीतरी वेळ बसल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "जळलेलं असं उभं केलं यांनी, पाच वर्षांत." आयफेल टॉवर सीन नदीवरच्या पुलावरून लांबून दाखवला. धाकट्याला तेवढा पुरला, थोरलीला नाही.

त्या दिवसाचा खर्च: गाड्या, एक दुपारचं जेवण, दोन होड्या. शंभराच्या आत.

सहावा दिवस, गुरुवार: परत

ठेपले संपले होते. लीलपर्यंत मुलं झोपली, अँटवर्पला पुन्हा रिंगरोड. घरी पोचलो तेव्हा अंधार पडला होता.

जेवण झाल्यावर वही टेबलावर आली. पॅरिसचं पान असं होतं: पेट्रोल 105, टोल 38, हॉटेल 450, पर्यटक कर 35, डिस्नीची तिकिटं 510, जेवणखाण आणि किराणा 240, कान आणि होड्या 50, उपनगरी गाड्या 40. एकूण 1468. रुपयांत जवळजवळ दीड लाख. समोरच्या पानावर एफ्टेलिंग, 300.

तीनशे आणि चौदाशे अडुसष्ट ही तुलना सरळ नाही. एक दिवस आणि चार दिवस यांची तुलना होत नाही, आणि पॅरिसच्या पानातला बुधवार हा पार्कचा नव्हेच. पण शुक्रवारी रात्री मला भेडसावणारा प्रश्न त्या पानांनी सोडवला. एफ्टेलिंगच्या आवारात दोन रात्री राहिलो असतो तर साडेनऊशेवर जेवणखाण मिळवून अकराशेच्या पुढे गेलो असतो, पन्नास किलोमीटरवर. जवळचा पार्क स्वस्त पडतो तो घरी झोपलो तरच. आणि लांबचा पार्क महाग पडतो त्यात तिकिटाचा वाटा तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. हॉटेल त्याच्या मागोमाग आहे, आणि स्वयंपाकघर नसतं तर जेवणाने दोघांनाही गाठलं असतं. कोणी मला विचारलं की पॅरिसला कसं करावं, तर मी सांगेन: एक पार्क, एकच दिवस, शेगडी असलेली खोली, आणि मुलाचं वय पाच व्हायच्या आत असेल तर शाळेच्या सुट्टीत अजिबात नाही. आमच्या हातून ती वर्षं निसटली.

नवऱ्याचं म्हणणं पडलं की धाकटा 120 सेंटिमीटरचा झाला की पुन्हा पॅरिस, तोवर एफ्टेलिंगच. एफ्टेलिंगचा पायथन आणि डिस्नीचा अंतराळातला कोस्टर, दोन्हींना तेवढी उंची लागते. धाकटा लगेच दाराच्या चौकटीशी जाऊन उभा राहिला. 116. पेन्सिलने रेघ मारली, तारीख घातली. थोरली म्हणाली, तिला ड्रीमफ्लाइट राहिलंय. म्हणून नोव्हेंबरातला एक साधा रविवार पाहिला, सुट्टी नसलेला. तिकीट खरंच कमी होतं. काढून टाकली पाच तिकिटं, सासूबाई पुण्याला परतायच्या आतली.

मुलं झोपायला निघाली तेव्हा धाकटा परत आला. मोज्यातून ते नाणं काढलं, आजीच्या हातावर ठेवलं. "तुझं खूप झालं ना खर्च," म्हणाला. सासूबाईंनी ते नाणं उलटंपालटं करून पाहिलं, चष्मा लावला, वही पुन्हा उघडली आणि डावीकडच्या, आठवडाभर कोऱ्या राहिलेल्या रकान्यात लिहिलं: जमा, सोनेरी नाणं 1.